दार न ठोठावता

‘मुसलमानांच्या देशात मिशनरी पाठवून उपयोग काय? तिथे कोणी हाती लागत नाही.’ हे वाक्य आम्ही आजवर इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणाच्या तोंडून ऐकले, हे लक्षात ठेवणेही आम्ही सोडून दिले आहे. मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात ते ऐकू येते, लग्नाच्या मांडवात ऐकू येते आणि आखातात वीस-वीस वर्षे काढून आलेल्या आमच्या बांधवांच्या ओसरीवर तर ते अनुभवाचे बोल म्हणून ऐकवले जाते. ‘हाती लागणे’ हा शब्दप्रयोग मासळीला शोभतो. जाळे टाकले, ओढले, हाती लागले ते टोपलीत भरले. माणसांच्या बाबतीत तो वापरताना आमची जीभ अडखळत नाही, हीच आमच्या मते सर्वांत चिंतेची गोष्ट आहे. गालील सरोवराच्या काठी कोळ्यांना हाक मारताना प्रभूने त्यांच्याच धंद्याची उपमा वापरली, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु ज्याने ती उपमा वापरली त्याने अखेरच्या रात्री हाती घेतले ते जाळे नव्हते; घंगाळ आणि पंचा होता. पहिली गोष्ट लक्षात ठेवणारे पुष्कळ, दुसरी लक्षात ठेवणारे थोडे.

या विषयावर लिहिताना आम्ही उदाहरण घेणार आहोत ते आमच्या ख्रिस्तसभेतले नव्हे. ते आहे मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्याचे. काही वाचकांच्या भुवया उंचावतील. तेव्हा आरंभीच स्पष्ट करतो की, या पंथाच्या शिकवणीशी आमचा मेळ बसत नाही. १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेला हा पंथ देवाविषयी, त्रैक्याविषयी आणि पवित्र ग्रंथांविषयी जे सांगतो ते आमच्या श्रद्धेहून मुळातच वेगळे आहे. त्यांचा बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्वाळा रोमने २००१ साली दिला आहे. हा मतभेद लहान नाही आणि तो लपवून कोणाचे भले होणार नाही. परंतु ज्याची शिकवण आपल्याला मान्य नाही त्याच्याकडून काहीच शिकण्यासारखे नसते, असे मानणे हा अहंकार आहे. प्रभूने आपल्या गोष्टीत वाटेवरच्या जखमी माणसाला उचलणारा दाखवला तो शोमरोनी होता; यरुशलेमच्या मंदिरातला याजक नव्हता.

एकोणीस वर्षांचा ‘वडीलधारा’

पांढरा सदरा, गडद टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सोबतीला तसाच दुसरा तरुण: जगातल्या अनेक शहरांनी ही जोडी पाहिली आहे. २०१२ पासून या पंथातील मुलगे अठराव्या वर्षीच या सेवेस जाऊ शकतात. त्यांची मुदत दोन वर्षांची, मुलींची अठरा महिन्यांची. जायचे कोठे हे त्यांनी ठरवायचे नसते. सॉल्ट लेक सिटीहून पत्र येते आणि त्यात लिहिले असेल त्या देशी जायचे. खर्चाचा भार मुख्यतः त्याने स्वतः आणि त्याच्या घरच्यांनी उचलायचा. तेथील भाषा यूटा राज्यातल्या प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात किंवा अन्यत्रच्या तशाच केंद्रात काही आठवडे घोटून घ्यायची आणि मग विमानात बसायचे. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत तर घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती. नाताळला आणि मातृदिनी. त्यानंतर मात्र दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येऊ लागले.

आता हा तरुण इंडोनेशियात पाठवला गेला आहे, अशी कल्पना करू. जगात सर्वाधिक मुसलमान लोकवस्ती असलेल्या देशांत त्याची गणना होते. शंभरांतले सुमारे सत्त्याऐंशी लोक इस्लामचे अनुयायी, आणि आम्हां कॅथॉलिकांचे प्रमाण सुमारे तीन टक्के. या पंथाचे पहिले मिशनरी तेथे १९७० च्या जानेवारीत उतरले. इंडोनेशिया हे इस्लामी राज्य नव्हे. ‘पंचशील’ या संस्कृत नावाने त्या राष्ट्राने आपली पाच तत्त्वे मांडली असून एकमेव परमेश्वरावरील श्रद्धा हे त्यांतील पहिले तत्त्व आहे. सहा धर्मांना शासनाची मान्यता आहे आणि नागरिकाच्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना आहे. १९७८ साली तेथील धर्मखात्याने आदेश काढला की, ज्याला आधीच एखादा धर्म आहे त्याला आपल्या धर्मात ओढण्यासाठी प्रचार करू नये, आमिष दाखवू नये, पत्रके वाटू नयेत आणि घरोघर फिरू नये. पुढे परदेशी मिशनऱ्यांच्या व्हिसावर निर्बंध आले आणि काही काळ या पंथाचे काम मुख्यत्वे तेथीलच तरुण-तरुणींना सांभाळावे लागले.

वाचकांनी क्षणभर थांबून या आदेशाचा अर्थ ध्यानी घ्यावा. या पंथाच्या मिशनऱ्याचे सारे शिक्षण दार ठोठावण्याचे. आणि तो जाऊन पोहोचला अशा देशी जिथे दार ठोठावण्यास मनाई आहे! सुताराची करवत काढून घ्यावी आणि मग त्याला म्हणावे, जा, काम कर. तशी ही अवस्था. तो काय करणार? ज्याने आपण होऊन बोलावले त्याच्याच घरी जायचे. जो विचारील त्यालाच सांगायचे. उरलेला सारा वेळ शेजारी म्हणून राहायचे. आमचे म्हणणे असे की, त्याच्या हातचे हत्यार ज्या दिवशी गेले त्याच दिवशी त्याचे खरे शिक्षण सुरू झाले.

परकेपणाची पाठशाळा

पहिला धडा पहाटेचा. त्याच्या पंथाने नेमून दिलेला उठण्याचा वेळ साडेसहाचा; जकार्तात मात्र पहाटे साडेचारच्या सुमारास पहिली अजान होते, आणि ती एका मशिदीतून नव्हे, चहूबाजूंनी. आरंभीचे काही दिवस त्याला तो झोपमोडीचा आवाज वाटेल. पण महिना-दोन महिन्यांनी कधीतरी त्याच्या मनात येईलच की, आपण ज्या वेळी उशीत तोंड खुपसतो त्या वेळी शेजारचा म्हातारा गार पाण्याने हातपाय धुऊन प्रार्थनेला निघालेला असतो. आम्हांला येथे आमच्या आज्या आठवतात, पहाटेच्या घंटेबरोबर उठून जपमाळ हाती घेणाऱ्या. त्या घंटेलाही कोणीतरी झोपमोड म्हणत असेलच.

दुसरा धडा चहाचा. जावात पाहुण्यापुढे गोड चहाचा पेला ठेवणे ही साधी रीत आहे. या तरुणाच्या पंथात मद्य व तंबाखू वर्ज्य. पण त्यांच्याबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य. मद्याला शिवायचे नाही या एका बाबतीत तो आपल्या मुसलमान यजमानाचा सख्खा भाऊ ठरतो. आणि पुढच्याच क्षणी त्याच यजमानाच्या हातचा चहा त्याला नाकारावा लागतो. आता हा नकार द्यायचा कसा? उजव्या हाताने पेला बाजूला सारून, मान लववून, यजमानीणबाईंना ‘इबू’ म्हणजे आई म्हणून, साधे पाणी मागून घेत. ते नीट साधले तर माणूस दुखावत नाही. उलट विचारतो, ‘का बरे?’ आपण होऊन शिकवायला गेला असता तर जे कोणी ऐकून घेतले नसते, ते पाण्याच्या एका पेल्यावरून विचारले जाते. त्या यजमानालाही ठाऊक असते की, देवासाठी काही वर्ज्य करणे म्हणजे काय.

तिसरा धडा नावाचा. छातीवरच्या पट्टीवर ‘एल्डर’ लिहिलेले, म्हणजे वडीलधारा. वय एकोणीस! आणि जावा बेटाची सारी संस्कृती वडीलधाऱ्यांच्या आदरावर उभी. तिथली जावानी भाषा थोरामोठ्यांशी बोलताना वेगळे शब्द वापरते. वयाने, मानाने मोठ्या पुरुषाला ‘बापाक’ म्हटल्याविना वाक्य पुरे होत नाही. अशा ठिकाणी या पोरसवद्या वडीलधाऱ्याने जर शिकवण्याचा आव आणला तर त्याचे हसे होईल. त्याला मान खाली घालून शिकावेच लागते: भाषा, जेवणाची रीत, चपला कोठे काढायच्या, हौदातले पाणी कसे अंगावर घ्यायचे. शुभवर्तमान घेऊन आलेला मनुष्य आंघोळ कशी करावी हे चार वर्षांच्या मुलाकडून शिकतो, यात आम्हांला विनोद दिसत नाही. यात आम्हांला बेथलेहेमचा गोठा दिसतो.

चौथा धडा रमजानचा, आणि तो सर्वांत मोठा. दिवसा खाणावळींच्या पुढ्यात पडदे लागतात. सूर्यास्ताच्या वेळी रस्ते ओस पडतात, कारण सारे घराघरांत, मशिदींत उपवास सोडायला बसलेले असतात. या तरुणाच्या पंथातही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायची प्रथा आहे. पण महिनाभर, तहानेसकट, आणि तेही रिक्षा ओढणाऱ्याने, भट्टीपाशी उभे राहणाऱ्याने? उपवास ही आपलीच मिरास आहे या समजाला येथे तडा जातो. आणि महिन्याच्या अखेरीस ईद उजाडते तेव्हा तिथली माणसे एकमेकांना नुसत्या शुभेच्छा देत नाहीत; वर्तनाने आणि मनाने घडलेल्या अपराधांची एकमेकांकडे क्षमा मागतात. मुलगा बापाकडे, सून सासूकडे, शेजारी शेजाऱ्याकडे. ज्याला क्षमेची सुवार्ता सांगायला पाठवले आहे, तो दारात उभा राहून क्षमेचा सण पाहतो. तेथे त्याच्या लक्षात येते की, देव त्याच्या आधी या घरी येऊन गेला आहे.

आकड्यांचा सोस

म्हणून काय आम्ही मॉर्मन मंडळींची पद्धत डोक्यावर घ्यावी असे म्हणतो? मुळीच नाही. त्या पद्धतीत एक दोष आहे आणि तो सांगितल्याविना पुढे जाता येणार नाही. तेथे आठवड्याचा हिशेब द्यावा लागतो. किती जणांना शिकवले, किती जण उपासनेस आले, किती जणांच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली. वीस वर्षांच्या मुलाच्या हातात माणसांची अशी खतावणी दिली की, त्याचे डोळे माणसावरून रकान्यावर सरकतात. शून्याचा आठवडा गेला की आपणच अपात्र, आपल्याच श्रद्धेत खोट, असे त्याला वाटू लागते. इंडोनेशियासारख्या देशात तर शून्याचे आठवडे पुष्कळ.

परंतु हा दोष दाखवताना आमचे बोट आमच्याकडेही वळते. आमच्यातही अलीकडे एक उत्साही वर्ग निघाला आहे जो म्हणतो, ‘पाहा, त्यांची पोरे दारोदार फिरतात, आमची काय करतात? आम्हीही घरोघर गेले पाहिजे, आकडे वाढवले पाहिजेत.’ आणि दुसरा वर्ग आरंभी सांगितलेला: आकडे वाढत नाहीत तर जायचेच कशाला? हे दोन्ही वर्ग एकमेकांचे विरोधक आहेत असे वरवर दिसते. आमच्या मते ते सख्खे भाऊ आहेत. दोघांचाही देव त्रैराशिकाचा देव आहे.

आपल्या भूमीत या आकडेवारीने काय झाले याचा एक जुना दाखला आहे. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत आणि पुण्यात येऊन राहिला होता. इंग्रजी लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत त्याला मज्जाव केला. त्या काळच्या त्यांच्या हिंदुस्थानातल्या साऱ्या मोहिमेतून मूठभर माणसे त्यांच्याकडे गेली आणि काही वर्षांतच मोहीम गुंडाळली गेली. हिशेबाच्या वहीत तो मोहिमेचा पराभव. पण त्याच मराठी मुलखाच्या दक्षिण टोकाला, त्याच्याही दोनशेहून अधिक वर्षे आधी, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मागे ठेवले. त्यांनी किती जणांना स्नानसंस्कार दिला हे आज कोणी विचारीत नाही. त्यांनी परक्या भाषेपुढे मान तुकवली, एवढेच आम्हांला पुरते.

आमच्या घरातली वहिवाट

ज्यांना वाटते की, न बोलावता न जाण्याची, शेजारी म्हणून राहण्याची ही वाट म्हणजे आधुनिक काळातली पळवाट, त्यांना आम्ही आमच्याच घरातले दाखले देतो. १२१९ साली क्रुसेडचे युद्ध पेटले असता असिसीचा संत फ्रान्सिस दमिएत्ताजवळ नि:शस्त्र शत्रूच्या गोटात गेला आणि सुलतान अल्-कामिलला भेटला. सुलतान ख्रिस्ती झाला नाही. फ्रान्सिस मारला गेला नाही. परतल्यावर १२२१ च्या आपल्या नियमावलीत त्याने मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना दोन मार्ग घालून दिले. पहिला मार्ग असा की, वादविवाद न करता, सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे कबूल करून जगावे. आणि दुसरा, देवाची इच्छा दिसेल तेव्हा वचन सांगावे. क्रम लक्षात घ्यावा. जगणे पहिले, सांगणे दुसरे.

शार्ल द फूको हे सहाराच्या वाळवंटात तामानरासेत येथे तुआरेग लोकांत राहिले. त्यांच्या भाषेचा कोश त्यांनी सिद्ध केला. १९१६ च्या डिसेंबरात त्यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्यामागे ना संघ होता ना धर्मग्राम. २०२२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. अल्जीरियातल्या तिबेरीन मठाचे सात ट्रॅपिस्ट संन्यासी, शेजारच्या मुसलमान खेडुतांना औषधपाणी देत, शेती करीत राहिले. धोका कळूनही गेले नाहीत. १९९६ साली त्यांचे अपहरण होऊन त्यांना मारण्यात आले. २०१८ साली ते धन्यवादित घोषित झाले. ‘कोणी हाती लागले काय?’ हा प्रश्न त्यांच्या थडग्यांपुढे उभे राहून विचारण्याचे धाडस कोणी करील काय?

आणि खुद्द इंडोनेशियात? १८९६ साली जावात आलेल्या फादर व्हान लिथ या डच जेझुइटाने मुंतिलान येथे जावानी भाषा शिकली, जावानी रीतिरिवाज समजून घेतले, शाळा काढली आणि आरंभीची वर्षे धीर धरला. त्या शाळेत मुसलमान मुलेही शिकली. तिथेच घडलेला एक मुलगा, मुसलमान घरात जन्मलेला अल्बर्टस सुगियाप्रानता, १९४० साली त्या देशाचा पहिला एतद्देशीय बिशप झाला. डचांविरुद्धच्या स्वातंत्र्यसंघर्षात तो आपल्या देशबांधवांच्या बाजूने उभा राहिला आणि आपल्या लोकांना त्याने शंभर टक्के कॅथॉलिक व शंभर टक्के इंडोनेशियन होण्यास सांगितले. १९६३ साली मुसलमानबहुल राष्ट्राने त्याला राष्ट्रवीराचा मान दिला. आज जकार्तात इस्तिकलाल ही भव्य मशीद आणि आमचे कॅथीड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे आहेत. मशिदीचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाचा. २०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस तेथे गेले तेव्हा या दोन्ही वास्तूंना जोडणाऱ्या भुयारी वाटेच्या तोंडाशी त्यांनी मशिदीच्या मुख्य इमामांसमवेत प्रार्थनापूर्वक क्षण घालवले. या वाटेला तिथल्या भाषेत दिलेले नावच आप्तभावाचे आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आम्हांला ठाऊक आहे: ‘तिथे चर्चेस जाळतात, बॉम्ब टाकतात, त्याचे काय?’ खरे आहे. २००० साली नाताळच्या आदल्या रात्री इंडोनेशियातील अनेक शहरांत चर्चमध्ये बॉम्ब फुटले. २०१८ च्या मे महिन्यात सुराबायात तीन चर्चेसवर हल्ले झाले, २०२१ साली झावळ्यांच्या रविवारी मकासारच्या कॅथीड्रलच्या दारात. प्रार्थनामंदिर बांधायचे तर २००६ च्या नियमानुसार नव्वद उपासकांच्या नावांबरोबर आसपासच्या साठ रहिवाशांची संमती आणावी लागते आणि ती मिळवताना आमच्या बांधवांच्या नाकी नऊ येतात. हे अन्याय आहेत आणि त्यांना अन्यायच म्हटले पाहिजे. परंतु २००० च्या त्याच रात्री मोजोकर्तो गावी चर्चच्या पहाऱ्यावर असलेला रियांतो नावाचा मुसलमान तरुण, नहदलातुल उलेमा या संघटनेचा स्वयंसेवक, आत सापडलेला बॉम्ब उचलून बाहेर घेऊन धावला आणि त्याच्या हातात तो फुटला. आतली माणसे वाचली. त्याच्या धर्मात कोणी ‘हाती लागावे’ म्हणून तो मेला नाही. शेजारी म्हणून मेला. बॉम्बची आठवण ठेवणाऱ्यांनी रियांतोची आठवण ठेवली नाही तर ती अर्धी आठवण होईल, आणि अर्धी आठवण ही पुष्कळदा पूर्ण असत्याहून घातक असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘मग सुवार्ता सांगायचीच नाही काय?’ सांगायची. १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मिशनकार्यावरच्या आपल्या परिपत्रात ते निक्षून बजावले आहे; आणि त्याच परिपत्रात आंतरधर्मीय संवाद हाही प्रेषितकार्याचा भाग असल्याचे सांगितले आहे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने तर मुसलमान बांधवांकडे ख्रिस्तसभा आदराने पाहते असे जाहीर केले आहे. प्रश्न सांगावे की नाही हा नाही. सांगण्याचा अधिकार कशाने येतो हा आहे. जो शेजाऱ्याची भाषा शिकला नाही, त्याच्या सुखदु:खाला गेला नाही, त्याच्या उपवासाचे मोल ज्याला कळले नाही, त्याने सांगितलेले शुभवर्तमान हे नुसतेच वर्तमान असते. त्यातले ‘शुभ’ गळून पडलेले असते.

आपल्या देशात १९६७ साली ओरिसाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निवाडा दिला. पुढे आणखी राज्यांनी तोच मार्ग धरला. या कायद्यांचा आडोसा घेऊन निरपराध माणसांना छळले जाते, त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण त्याच श्वासात आम्ही जर ‘हाती लागला’ असे बोलणार असू, तर आमच्यावर आरोप करणाऱ्यांना पुरावा आम्हीच पुरवीत आहोत.

आमची मुले आणि आमची जबाबदारी

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला तो मुद्दा. मुसलमान देशांत मिशनरी पाठवावा की नाही याची चर्चा आम्ही करतो, जणू आमचे तेथे कोणी नाही! वसईतून, मुंबईतून, गोव्यातून आमची माणसे गेल्या दोन पिढ्यांत कुवेत, बहारीन, दुबई, मस्कत, सौदी अरेबिया येथे गेली, आजही जातात. कोणी फोरमन, कोणी नर्स, कोणी आचारी, कोणी हिशेबनीस. मॉर्मन तरुण दोन वर्षे जातो; आमचा माणूस वीस वर्षे जातो. मॉर्मन तरुणाला जाण्याआधी भाषा शिकवतात, रीत शिकवतात, कोठे गप्प बसायचे ते शिकवतात. आमच्या तरुणाला आम्ही काय शिकवतो? पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, एजंटाचे कमिशन, आणि विमानतळावर आईने गळ्यात घातलेले पदक. बस्स.

परिणाम आमच्या डोळ्यांपुढे आहे. वीस वर्षे अरबांच्या देशात राहून अरबीतली दहा वाक्ये धड बोलता न येणारे, ज्याच्या पगारावर घर बांधले त्या मालकाच्या धर्मातली पाच कर्तव्ये कोणती हे ठाऊक नसलेले, आणि तरीही परत आल्यावर ‘ते लोक’ कसे असतात यावर अधिकारवाणीने बोलणारे आमच्यात कितीतरी आहेत. आखातातील बहुतेक राज्यांत आमची चर्चेस त्या त्या राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर उभी आहेत. हे सांगताना मात्र आवाज खाली येतो. सौदी अरेबियात चर्च नाही, हे सांगताना आवाज चढतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खरे बोलायचे तर दोन्ही एकाच आवाजात बोलाव्यात.

आम्ही त्या बांधवांना दोष देत नाही. अनेकांनी तेथे अपमान सोसले, मालकांनी पासपोर्ट काढून घेतलेले पाहिले, आईबापांच्या अंत्यविधीला ते पोहोचू शकले नाहीत. त्यांच्या कष्टांवर आमच्या देवळांचे जीर्णोद्धार झाले, या पानांचे वर्गणीदारही त्यांच्यापैकी आहेत. दोष आमचा, म्हणजे मागे राहिलेल्यांचा. त्यांच्याकडून आम्ही पैसा मागितला. साक्ष मागितली नाही. त्यांना आम्ही नोकरीसाठी पाठवले. प्रेषित म्हणून पाठवता आले असते हे आमच्या ध्यानीही आले नाही. प्रेषित म्हणजे पत्रके वाटणारा नव्हे. ते तेथे बेकायदाही आहे आणि अनावश्यकही. प्रेषित म्हणजे पाठवलेला. आपण पाठवलेले आहोत, एवढी जाणीव असलेला फोरमन आपल्या हाताखालच्या मजुराशी वेगळा वागेल, एवढी जाणीव असलेली नर्स रमजानात थकलेल्या रोग्याशी वेगळे बोलेल. २०१९ च्या फेब्रुवारीत अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि अल्-अझहरचे मुख्य इमाम अहमद अल्-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. त्यानंतरच्या मिस्सेला स्टेडियम भरले होते ते बहुतांशी परदेशांतून आलेल्या कामकरी माणसांनी; आमच्याच माणसांनी. तो दस्तऐवज आमच्या किती धर्मग्रामांत वाचला गेला?

म्हणून आमची मागणी साधी आहे. आखातात जाणाऱ्या तरुण-तरुणींसाठी धर्मप्रांताने चार रविवारांचा वर्ग घ्यावा. त्यात व्यवहारापुरती अरबी असावी, इस्लामची प्राथमिक ओळख असावी आणि ती शक्य तर एखाद्या मुसलमान शिक्षकाकडूनच व्हावी, कामगार म्हणून असलेल्या हक्कांची माहिती असावी, आणि शेवटी वेदीसमोर त्यांना रीतसर पाठवणीचा आशीर्वाद मिळावा, जसा मिशनऱ्याला मिळतो. परतलेल्यांना व्यासपीठावर बोलवावे आणि त्यांनी काय कमावले हे न विचारता कोणाची मैत्री कमावली हे विचारावे. आणि जे कोठेच जाणार नाहीत त्यांनी नालासोपाऱ्याच्या, वसई गावाच्या आपल्या मुसलमान शेजाऱ्याकडे येत्या ईदला जावे. आमच्या आजोबांना यासाठी कोणी वर्ग घ्यावा लागत नव्हता. नाताळचा फराळ शेजारी जात होता आणि ईदचा शीरकुर्मा घरी येत होता. तो रस्ता आमच्याच काळात मोडला आहे. तो दुरुस्त करण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

यूटाच्या डोंगरातून आलेला एकोणीस वर्षांचा पोर, ज्याची शिकवण आम्हांला मान्य नाही, तो जावातल्या एखाद्या ओसरीवर चपला बाहेर काढून, चहाऐवजी पाणी पीत, परक्या भाषेत अडखळत म्हाताऱ्या यजमानाचे बोलणे ऐकत बसतो. त्याने दार ठोठावलेले नाही. दार आतून उघडले आहे. आमच्या शेजारचे दार तर भिंतीला भिंत लागून आहे. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. चपला तेवढ्या बाहेर काढाव्या लागतात.